ओपिनियन पोल : शब्द एक, अर्थ अनेक

संक्रांतीचे तीळगूळ वाटून झाले की गोव्यातल्या वर्तमानपत्रांना दरवर्षी एका इंग्रजी शब्दाची आठवण होते. तो शब्द म्हणजे 'ओपिनियन पोल'. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या त्या ऐतिहासिक मतदानाचा दिवस कुणी 'अस्मिताय दीस' म्हणून साजरा करतो, तर कुणी त्या दिवशी गप्प बसणे पसंत करतो. दोन्ही बाजूंचे लेख येतात, आठवणी येतात, वाचकांच्या पत्रव्यवहारात एकमेकांची उणीदुणी निघतात आणि आठवडाभरात सारे थंड होते. ज्या शब्दावरून एवढे रामायण घडते त्या शब्दाकडे मात्र कुणी फारसे पाहत नाही. आज त्या शब्दाविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्याचा अर्थ आपण कसा लावतो यावर १९६७ सालचा अर्थही बराचसा अवलंबून आहे असे मला वाटते.

मध्यंतरी आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीने जेवणाच्या सुट्टीत विचारले, "सर, सदुसष्टच्या त्या ओपिनियन पोलचा अंदाज बरोबर आला होता की चुकला होता?" आजूबाजूचे हसले. पण तिचे काय चुकले? तिने जन्मापासून हा शब्द टीव्हीवर ऐकला तो निवडणुकीपूर्वीच्या पाहणीच्या अर्थाने. काही हजार लोकांना विचारायचे, टक्केवारी काढायची आणि कुणाला किती जागा मिळतील ते सांगायचे. २००४ साली 'इंडिया शायनिंग'च्या वेळी असे बहुतेक अंदाज कसे पालथे पडले ते आपण पाहिले आहे. याउलट आमच्या आजीच्या पिढीला 'ओपिनियन' म्हणजे काय ते सांगता आले नसते, पण 'ओपिनियन पोल' म्हणजे काय ते पक्के ठाऊक होते. 'फुलाक काय दोन पानांक?' एवढ्या एका प्रश्नात तो सगळा मावत होता. एकच शब्द, एकच गाव, आणि दोन पिढ्यांमध्ये दोन अगदी वेगळे अर्थ.

आधी 'पोल' या शब्दाचे पाहू. मतपेटीशी या शब्दाचा संबंध नंतरचा. मूळ इंग्रजीत 'पोल' म्हणजे डोके, त्यातही डोक्याचा माथा. माणसे मोजायची तर डोकी मोजायची, म्हणून मोजणीला 'पोल' म्हणू लागले आणि पुढे मते मोजण्यालाही तोच शब्द लागला. इंग्लंडात चौदाव्या शतकात माणशी कर बसवला गेला तो 'पोल टॅक्स', आणि त्याच्यावरून १३८१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी मोठे बंड केले. मराठीला हे काही परके नाही. आपण 'दरडोई उत्पन्न' म्हणतो, जनगणनेला 'शिरगणती' म्हणतो. डोईपट्टी हा शब्दही आपल्याकडे आहेच, आणि पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या हिंदूंना भरावा लागणारा शेंडीकर तर थेट डोक्यावरच्या केसांशी जाऊन भिडला होता. तेव्हा 'पोल' म्हणजे शिरगणती. एका डोक्याला एक, मग ते भाटकाराचे असो की मुंडकाराचे.

'ओपिनियन' मात्र निसरडा शब्द आहे. सरकारी नोकरीत असलेल्यांना तो रोज भेटतो. एखादे प्रकरण अडले की फाइलवर शेरा मारून ती विधी खात्याकडे 'ओपिनियन'साठी पाठवतात. तिथून ओपिनियन येते, ते फाइलीला लागते, आणि वरचा अधिकारी ते मानतो किंवा मानत नाही. ओपिनियन म्हणजे सल्ला. तो मागणाऱ्याला बांधून घालत नाही. मराठीत आपण याला 'मत' किंवा 'अभिप्राय' म्हणतो. पण इथेच मराठीची एक गंमत आहे. आपल्याकडे 'मत' या एकाच शब्दात ओपिनियनही आले आणि व्होटही आले. 'माझ्या मते पाऊस लांबेल' यातले मत आणि मतपेटीत पडलेले मत, दोन्हींना एकच शब्द. इंग्रजीत ओपिनियन कितीही असली तरी कुणाचे सरकार पडत नाही, व्होट पडले तर पडते. मराठी माणसाला 'ओपिनियन पोल' ऐकल्यावर त्यात मत देणे आणि मत सांगणे यांतला फरक जाणवतच नाही, तो यामुळे.

आज टीव्हीवर चालतो तो अर्थ अमेरिकेतून आला. जॉर्ज गॅलप यांनी १९३५ साली तिथे लोकमत जाणून घेणारी संस्था काढली. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या नामांकित साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले. गॅलप यांनी त्या मानाने अगदी थोड्या लोकांना, पण सगळ्या थरांतून निवडून, विचारले आणि रूझवेल्ट येणार असे सांगितले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून आले. किती जणांना विचारले यापेक्षा कुणाला विचारले हे महत्त्वाचे, असा धडा त्यातून सगळ्यांनी घेतला. भारतात एरिक दा कॉस्ता यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत अशाच कामासाठी संस्था उभारली. म्हणजे गोव्यात ओपिनियन पोल झाला तेव्हा हा नवा अर्थ जगात तीस वर्षे रुळलेला होता आणि दिल्लीतही ठाऊक होता. तरीही भारत सरकारने तोच शब्द निवडला, आणि त्याचा अर्थ मात्र पूर्ण वेगळा ठेवला. का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. त्याच वर्षी पंचायतीच्या आणि डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेच्या निवडणुका झाल्या. साऱ्या प्रौढ गोंयकारांनी, गरिबांनी आणि बायकांनीही, सरसकट मतदान करण्याचे हे पहिलेच प्रसंग. विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष बारा जागा घेऊन बसला. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने गोवा मुक्त केला तिला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. मिळाली ती एकुलती एक दमणात.

मगोपचा मुख्य कार्यक्रम होता गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. त्यांचे म्हणणे असे की आम्ही हा प्रश्न घेऊनच लोकांपुढे गेलो, लोकांनी आम्हाला निवडून दिले, मग आणखी कसला कौल हवा? २२ जानेवारी १९६५ रोजी गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव मंजूरही केला. युनायटेड गोवन्सचे म्हणणे याच्या उलट. निवडणुकीत माणूस अनेक कारणांनी मत देतो. कुणी भाटकाराच्या जाचाला कंटाळून देतो, कुणी उमेदवार आपल्या गावचा म्हणून देतो, कुणी जात बघून देतो. विलीनीकरण हा कायमचा निर्णय आहे, तो पाच वर्षांच्या निवडणुकीला चिकटवता येणार नाही, त्यावर लोकांना वेगळे विचारा. गोव्याचे वेगळेपण काही काळ जपले जाईल या नेहरूंच्या आश्वासनाचाही त्यांना आधार होता. गोव्यातले काँग्रेस नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही लोकांना विचारावे म्हणून दिल्लीत पुष्कळ खटपट केली. आज मागे वळून पाहिले तर लक्षात येते की हा वाद नकाशाचा होता तितकाच 'मत' या शब्दाचा होता. १९६३ साली लोकांनी जे मत दिले ते कशाविषयी होते, यावर सारे अडले होते.

नेहरू १९६४ साली गेले, शास्त्रीजी १९६६ च्या जानेवारीत गेले. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्यावर वेगळे मतदान घ्यायचे ठरले. आता त्याला नाव काय द्यायचे?

इंग्रजीत अशा मतदानाला दोन रूढ शब्द आहेत. एक 'रेफरेंडम' आणि दुसरा 'प्लेबिसाइट'. दोन्ही लॅटिनमधून आलेले. रेफरेंडम म्हणजे प्रश्न पुन्हा लोकांकडे नेणे. प्लेबिसाइट म्हणजे प्राचीन रोममधल्या सामान्य जनांचा, 'प्लेब्स'चा, ठराव. रेफरेंडम हा शब्द आपल्याकडे फाळणीत वापरला गेला. जुलै १९४७ मध्ये सिल्हेट आणि वायव्य सरहद्द प्रांत कुठे जाणार ते रेफरेंडमने ठरले. प्लेबिसाइट हा शब्द काश्मीरला चिकटला. १९४८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांमध्ये तो होता, आणि साठच्या दशकात दिल्लीला तो ऐकणेही नकोसे झाले होते. १९६५ चे युद्ध नुकतेच होऊन गेले होते. गोव्यातल्या जुन्या, पोर्तुगीज शिकलेल्या मंडळींना तर 'प्लेबिसितु' या शब्दाची आणखी एक आठवण होती. १९३३ साली सालाझारने पोर्तुगालमध्ये आपल्या राज्यघटनेवर प्लेबिसितु घेतला, तेव्हा जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मतेही 'होय' म्हणून धरली गेली होती!

गोव्याच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. मुक्तीनंतर जगात भारतावर टीका झाली होती आणि पोर्तुगालने गोव्यावरचा हक्क सोडलेला नव्हता. तो सोडला १९७४ च्या त्यांच्या क्रांतीनंतर. अशा वेळी गोव्यात 'रेफरेंडम' किंवा 'प्लेबिसाइट' घेतला असता तर लिस्बनने लगेच म्हटले असते, पाहा, भारतात राहायचे की नाही हे विचारताहेत. वास्तविक तो प्रश्न नव्हताच. भारतात कोणत्या रूपाने राहायचे एवढाच प्रश्न होता. शिवाय आपल्या राज्यघटनेत रेफरेंडमची तरतूदच नाही. तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलणे हा संसदेचा अधिकार आहे. संबंधित विधानसभेचे म्हणणे मागवतात, पण तेही संसदेवर बंधनकारक नसते. हे सगळे एकत्र ठेवले तर दिल्लीतल्या कायदा लिहिणाऱ्यांनी बाजारात असलेला एक सौम्य, निरुपद्रवी शब्द का उचलला असेल ते उघड आहे. 'ओपिनियन' म्हटले की संसदेच्या अधिकाराला धक्का नाही, काश्मीरला उजाळा नाही, पोर्तुगालला बोट शिरकवायला जागा नाही.

डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने 'गोवा, दमण अँड दीव (ओपिनियन पोल) अॅक्ट' मंजूर केला. कंसातल्या त्या दोन शब्दांनी गोव्याच्या बोलीत कायमचे घर केले. कायद्याच्या प्रस्तावनेत उद्देश सांगितला आहे तो मतदारांच्या 'विशेस' म्हणजे इच्छा जाणून घेण्याचा. नावात ओपिनियन आणि उद्देशात इच्छा. माझ्यासारख्या मसुदे वाचून डोळे शिणलेल्या माणसाला हा फरक सहज खुपतो. मत बदलता येते, दुसऱ्याचे ऐकून वळवता येते. इच्छा आतून येते आणि ती एकदा विचारल्यावर पुरी करण्याची नैतिक जबाबदारी विचारणाऱ्यावर येते.

मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबरच्या सुरुवातीला राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. मतपत्रिकेवर कुठल्याच पक्षाचे नेहमीचे निशाण नव्हते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. दमण आणि दीवच्या लोकांना विचारले ते गुजरातेत जायचे की आहे तसेच राहायचे एवढेच. घटक राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर कुठेच नव्हता.

आकडे पुन्हा एकदा नीट वाचावेत असे आहेत. गोव्यात मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१, आणि बाद ७,२७२. फरक ३४,०२१ मतांचा. मोजणीला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत गोव्यात कुणाचे कामात लक्ष नव्हते, असे त्या पिढीची माणसे सांगत.

'स्वतंत्र भारतात झालेले असे हे एकमेव सार्वमत' असे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये जुनागढात मतदान झाले. तिथे १,९०,८७० मतांपैकी पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ पडली. जून १९४९ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या चंद्रनगरला ७,४७३ जणांनी भारतात येण्याच्या बाजूने मत दिले, विरुद्ध ११४. आणि गोव्यानंतर आठ वर्षांनी, १४ एप्रिल १९७५ रोजी, सिक्कीममध्ये चोग्यालची राजवट संपवून भारतात सामील होण्याविषयी लोकांना विचारले गेले. बाजूने ५९,६३७, विरुद्ध १,४९६. आणि या मतदानाचे सरकारी नाव काय होते? 'स्पेशल ओपिनियन पोल'. गोव्यासाठी शोधलेला शब्द सिक्कीमलाही उपयोगी पडला. म्हणजे भारतीय सरकारी इंग्रजीत या शब्दाला एक खास अर्थ आला होता : नाव अभिप्रायाचे, काम सार्वमताचे.

तरीही गोव्याचे वेगळेपण उरतेच, पण ते 'एकमेव' असण्यात नाही. वरच्या तिन्ही ठिकाणी विरुद्ध पडलेली मते पाहा. ९१, ११४, १,४९६. उत्तर काय येणार हे प्रश्न विचारण्याआधीच सगळ्यांना माहीत होते. गोव्यात ते कुणालाच माहीत नव्हते. घराघरांत दोन मते होती, एकाच देवळाच्या महाजनांत दोन मते होती. खऱ्या अर्थाने विचारलेला आणि खऱ्या अर्थाने उत्तर मिळालेला प्रश्न तो हाच.

आता, हा निकाल बंधनकारक होता का? नावावरून पाहिले तर नव्हता, ओपिनियनच ते. पण नावावरून हे ठरत नाही. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी रेफरेंडम घेतला. नाव भारदस्त, पण कायद्याने तोही सल्लाच होता, आणि पुढच्या कारवाईला पार्लमेंटची मंजुरी लागेल असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरी निकाल डावलण्याची हिंमत कुणाला झाली नाही. गोव्याचेही तसेच. दिल्लीने निकाल मानला, महाराष्ट्राने नाराजीने का होईना मानला, बांदोडकरांनीही मानला. लोकांना एकदा विचारले की विचारणारा मोकळा राहत नाही.

हे आपल्या मराठीने मात्र पहिल्यापासून ओळखले होते. मराठी वर्तमानपत्रांनी या मतदानाला 'जनमत कौल' म्हटले. किती नेमका शब्द! कौल मुळात अरबीतून आला. अर्थ, दिलेला शब्द, वचन. ओसाड पडलेल्या गावात रयतेला परत आणून वसवायचे असेल तर सरकार कौल देई : इतकी वर्षे एवढाच सारा घेऊ, जास्त नाही. त्यावरूनच कौलनामा. दुसरा कौल आपण गोंयकारांना सांगायला नको. देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पडते की डावी ते बघत हात जोडून उभे राहायचे. कौल दिला की तो मानायचा. उजवी हवी होती आणि डावी पडली म्हणून कुणी देवाशी भांडत नाही. इंग्रजी नावात सल्ला होता, मराठी नावात वचन आणि आज्ञा दोन्ही होत्या. प्रत्यक्षात जे घडले ते मराठी नावाप्रमाणे घडले.

कौलाचा आणखी एक नियम आहे, आणि मला आज मुख्यतः तोच सांगायचा आहे. ज्या प्रश्नाचे गाऱ्हाणे घातले त्याच प्रश्नाचे उत्तर पाकळी देते. मुलीच्या लग्नाचा कौल घेऊन त्यावर कुणी विहीर खणायला काढत नाही.

१९६७ चा प्रश्न काय होता? महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. एवढाच. गोव्याची भाषा कोणती, मराठी परकी की आपली, कोंकणी बोली की भाषा, यांपैकी काहीही मतपत्रिकेवर नव्हते. पुढे मात्र दोन्ही बाजूंनी हे सारे त्या निकालात वाचले. एका बाजूने म्हटले, गोव्याने मराठी नाकारली. दुसऱ्या बाजूचे आपले लोकही दुखावून तेच म्हणू लागले, मराठी हरली. दोन्ही वाक्ये एकाच चुकीची दोन टोके आहेत.

पुरावा हवा असेल तर दोन गोष्टी पाहा. पहिली, विलीनीकरणाच्या विरोधातली मोठी मोहीम मराठीतून झाली. 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक, चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्या काळी घरोघर वाचले जाई. कोंकणी कविता आणि गाणी होती, मनोहरराय सरदेसाय होते, उल्हास बुयांवांचा आवाज होता, पण हिंदू मध्यमवर्गाला युक्तिवाद पटवायचा तर तो मराठीतूनच करावा लागला. मराठी नाकारायची असती तर ती मराठीत कशी नाकारली असती? दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. १६ जानेवारीला विलीनीकरण नाकारणाऱ्या याच गोव्याने अवघ्या अडीच महिन्यांत, २८ मार्च १९६७ च्या निवडणुकीत, विलीनीकरणवादी मगोपलाच पुन्हा निवडून दिले. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि मगोपची सत्ता पुढे १९७९ पर्यंत टिकली. त्यांच्या काळात खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या आणि पोरे त्यांत जाऊ लागली. म्हणजे हजारो मतदारांनी मनात दोन खाने नीट वेगळे ठेवले होते. राज्य कुणी करावे हा एक प्रश्न, नकाशा कसा असावा हा दुसरा. युनायटेड गोवन्सने १९६५ साली जे म्हटले होते ते गोंयकार मतदाराने असे सिद्ध केले, आणि ते करताना युनायटेड गोवन्सलाच विरोधात बसवले!

भाषेचा निर्णय पुढे वेगळा झाला, वेगळ्या रस्त्याने झाला. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, त्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. या निर्णयांविषयी आपली मते असतील, माझीही आहेत. पण त्यांचा जमाखर्च १९६७ च्या खात्यावर टाकू नये.

आपल्या शेजारी बेळगावकडे पाहिले की या शब्दाची किंमत आणखी कळते. गोव्यात मतदान घ्यायची तयारी चालली होती त्याच ऑक्टोबर १९६६ मध्ये बेळगाव सीमाप्रश्नासाठी न्या. महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला, बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावे असे त्यात सांगितले, आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. तिथेही माणसे होती, मते होती, पण कुणी डोकी मोजली नाहीत. गोव्याला कौल मिळाला, बेळगावला आयोग. मनाविरुद्ध गेलेला कौल पचवता येतो, पण ज्याला विचारलेच नाही त्याची जखम भरत नाही, हे सीमाभागातल्या आपल्या नातेवाइकांकडे गेले की दिसते.

तेव्हा पुढच्या जानेवारीत हा शब्द पुन्हा पेपरात दिसला की तो नीट उलगडून वाचावा. त्यातल्या 'पोल'मध्ये १,७२,१९१ डोकी आहेत तशीच १,३८,१७० डोकीही आहेत, आणि तीही गोव्याचीच आहेत. आणखी एक काम मात्र जानेवारीपर्यंत थांबण्यासारखे नाही. तेव्हा मतदानाचे वय २१ होते. म्हणजे फूल किंवा पाने यांवर शिक्का मारलेला सर्वांत तरुण मतदार आज ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या घरात, शेजारात, गावच्या देवळात किंवा चर्चच्या पायऱ्यांवर असे कुणी असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. फुलाला दिले की पानांना, हे विचारू नका, त्यावरून अजूनही भांडणे होतात. त्या दिवशी आपल्याला नेमके काय विचारले जात आहे असे त्यांना वाटले होते, ते विचारा, आणि जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा.